एका पत्त्यावरची अनेक बिऱ्हाडे

संगणकशास्त्र शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आज एखादा वेब सर्व्हर असतो. तो जगाला काही पुरवत नाही. ज्या यंत्रात तो चालतो, त्याच यंत्रातल्या ब्राउझरला तो पाने देतो, आणि इंटरनेटची जोडणी तुटली तरी त्याचे काही अडत नाही. एक संकेतस्थळ असेपर्यंत सारे सुरळीत चालते. दुसरे आणि तिसरे त्याच यंत्रावर आले की प्रश्न उभा राहतो: पत्ता एक असताना सर्व्हरने कोणते पान कोणाला द्यायचे? हा प्रश्न वरवर घरगुती सोयीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना इंटरनेटच्या घडणीतली बरीच मोठी गोष्ट हाती लागते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या विभागात एका जुन्या लॅपटॉपवर चार संकेतस्थळे चालतात: आवारातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, विभागाचे छोटे ग्रंथालय, विज्ञानाची मराठी परिभाषा आणि विद्यार्थ्यांचा चालू प्रकल्प. गेल्या वर्षी तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्प-सादरीकरणाच्या चार दिवस आधी आली आणि म्हणाली, "सर, ग्रंथालय प्रकल्पातून काढून टाकते. पावसाच्या नोंदींत लॉगइन केलं की ग्रंथालयातून मला बाहेर काढलं जातं. ग्रंथालयात परत गेले की पाऊस बंद." तिने लॉगइनचा कोड दोनदा नव्याने लिहिला होता. दोन्ही संकेतस्थळे जँगो या चौकटीत बांधलेली, एक पोर्ट ८००० वर तर दुसरे ८००१ वर. "दारं वेगळी आहेत ना दोघांची?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. चार महिन्यांचे काम ती टाकून द्यायला निघाली होती, आणि तेही ज्या कोडमध्ये कसलाच दोष नव्हता त्या कोडपायी.

लॉगइन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक चिठ्ठी देतो, तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर ओळख पटवतो. परंतु चिठ्ठी कोणाला दाखवायची हे ब्राउझर यजमानाच्या नावावरून ठरवतो, पोर्टवरून ठरवत नाही. कुकीचे २०११ सालचे प्रमाण-दस्तऐवज ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगते. 'लोकलहोस्ट'चे आठ हजारावे दार आणि आठ हजार एकावे दार कुकीच्या दृष्टीने एकाच घराची. जँगो आपल्या सत्र-कुकीला मूळ मांडणीत सगळीकडे एकच नाव देते. म्हणून दुसऱ्या संकेतस्थळाची चिठ्ठी पहिल्याच्या चिठ्ठीवर बसली आणि पहिली पुसली गेली. गंमत अशी की ब्राउझरमधली स्थानिक साठवण, म्हणजे लोकल स्टोरेज, पोर्टनुसार खरोखरच वेगळी राहते. एकाच ब्राउझरमध्ये दोन नियम नांदतात. कुकी १९९४ सालची. प्रोटोकॉल, नाव आणि पोर्ट या तिन्हींच्या मेळाने संकेतस्थळाची हद्द आखणारा नियम तिच्या मागून आला, आणि तोवर कुकीची सवय जगाला जडली होती.

उपाय कोडबाहेर होता: दोघांना दोन नावे देणे.

त्यासाठी प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. एका ओळीत आधी अंकी पत्ता, मग नाव. ब्राउझरने नाव विचारले की यंत्र सहसा आधी या फाइलीत पाहते आणि तिथे न सापडल्यास बाहेर चौकशी करते. ही फाइल म्हणजे एक जिवंत जीवाश्म आहे. अर्पानेटच्या काळात साऱ्या जाळ्यातल्या यंत्रांची नावे अशाच एका फाइलीत असत; ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू सांभाळत असे आणि इतर केंद्रे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली, फाइल पुरेनाशी झाली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विकेंद्रित व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली. जुनी फाइल मात्र प्रत्येक यंत्रात राहून गेली. तिच्यात ओळ लिहायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि ते असायलाच हवेत. ज्याच्या हाती ही फाइल, त्याच्या हाती त्या यंत्रावरची सगळी नावे.

नाव कोणते द्यावे, याबाबत मी थोडा हट्टी आहे. शेवटी 'टेस्ट' असावे. 'टेस्ट', 'लोकलहोस्ट', 'एक्झाम्पल' आणि 'इनव्हॅलिड' ही चार अंत्यनावे १९९९ मध्ये कायमची राखून ठेवली गेली. ती जगात कोणालाच विकली जाणार नाहीत. बरेच लोक पूर्वी हौसेने 'डेव्ह' वापरत. पुढे ते अंत्यनाव खऱ्या इंटरनेटवर अवतरले, आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीने त्या नावाच्या प्रत्येक पानाला कूटबद्ध जोडणी सक्तीची केली. घरातल्या घरात चालणारी असंख्य संकेतस्थळे एका रात्रीत उघडेनाशी झाली. जे नाव आपले नाही त्यावर घर बांधले की असे होते.

आता मूळ प्रश्न. होस्ट्स फाइलीत चारही नावांपुढे पत्ता एकच, १२७.०.०.१, मग सर्व्हरला नाव कळते कसे? वेबच्या आरंभीच्या प्रोटोकॉलमध्ये ते कळतच नसे. ब्राउझर पत्त्यावर पोहोचून 'अमुक पान द्या' एवढेच म्हणे. वाड्याच्या दिंडीत उभे राहून पोस्टमनने 'पत्र आहे' असा पुकारा करावा आणि कोणाचे ते सांगू नये, तसा हा प्रकार. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र अंकी पत्ता द्यावा लागे. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ या आवृत्तीने 'होस्ट' ही एक ओळ मागणीपत्रात अनिवार्य केली. ती नसेल तर सर्व्हरने ४०० क्रमांकाची चूक परत पाठवावी, असा दंडक आहे. या एका ओळीमुळे एका पत्त्यावर हजारो संकेतस्थळे राहू शकली.

अपाचे सर्व्हरमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाला 'व्हर्च्युअलहोस्ट' असा वेगळा ठोकळा लिहितात: नाव हे, फाइली या फोल्डरात. एनजिनएक्समध्ये तेच काम 'सर्व्हर' ठोकळा करतो. तो पोर्ट ८० वर बसून नाव वाचतो आणि मागणी मागच्या ८००० किंवा ८००१ कडे सोपवतो. विद्यार्थ्यांना हमखास चकवणारी एक बाब: आलेले नाव कोणत्याच ठोकळ्याशी जुळले नाही तर अपाचे तक्रार करत नाही, यादीतल्या पहिल्या बिऱ्हाडाचे पान देतो. 'माझी चारही नावे एकच पान दाखवतात' ही तक्रार आली की मी आधी शुद्धलेखन तपासायला सांगतो. शक्य असेल त्याने टेलनेटने पोर्ट ८० गाठून मागणीपत्र स्वतःच्या हाताने टंकावे आणि फक्त होस्टची ओळ बदलून पाहावी. पत्ता तोच, पान वेगळे. काचेच्या लोलकातून पहिल्यांदा वर्णपट पाहताना विद्यार्थ्यांचे जे चेहरे होतात, तेच इथेही मी पाहिले आहेत.

कूटबद्ध जोडणीत हाच पेच पुन्हा उद्भवला होता, कारण तिथे नाव पाकिटाच्या आत बंद होते. २००३ मध्ये ते हस्तांदोलनाच्या वेळीच उघडपणे सांगण्याची सोय झाली. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

पत्त्यांबद्दल मात्र एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १२७ ने सुरू होणारे सर्वच्या सर्व पत्ते, म्हणजे १,६७,७७,२१६, यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखलेले आहेत. लिनक्सवर १२७.०.०.२ किंवा १२७.०.०.३ वापरून पाहा, तेही आपलेच. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटले गेले, त्यांतला एक भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात येतो त्याला मिळाला. तो गठ्ठा बरोबर तेवढाच होता, जेवढा प्रत्येक यंत्राला स्वगतासाठी दिलेला आहे. होस्टची ओळ आली नसती, तर तो साठा किती आधी संपला असता!

त्या विद्यार्थिनीने दोन नावे लिहिली, जँगोच्या परवानगीच्या यादीत ती घातली, आणि दोन्ही लॉगइन शेजारी शेजारी टिकले. ग्रंथालय प्रकल्पात राहिले. मग तिने विचारले, "सर, नाव मराठीत नाही का ठेवता येणार?"

येते. देवनागरीतले '.भारत' हे अंत्यनाव २०१४ च्या ऑगस्टपासून उपलब्ध आहे. परंतु नावांच्या व्यवस्थेत परंपरेने रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषाच चालतात. म्हणून ब्राउझर देवनागरी नावाचे प्युनिकोड या पद्धतीने रोमन चिन्हांत रूपांतर करतो आणि मगच चौकशीला निघतो. होस्ट्स फाइलीत देवनागरी लिहून भागत नाही, ते रूपांतरित रूप लिहावे लागते. मुलांनी 'वाऱ्याचीनोंद.टेस्ट' हे नाव निवडले आणि तिथे एक नवाच प्रश्न निघाला. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र युनिकोड अक्षर घेऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. छापल्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. २००३ च्या नियमांनुसार ते अदृश्य चिन्ह गाळले जाई आणि 'वार्या' उरे. २०१० च्या नियमांत हलन्तापुढे ते चालते. कोणताही नियम लावा, दोन्ही रूपांचे प्युनिकोड निराळेच निघते. म्हणजे डोळ्यांना एक, यंत्राला दोन.

आम्ही एका रूपाला वाऱ्याच्या नोंदी जोडल्या आणि दुसऱ्याला हुबेहूब तसेच दिसणारे, पासवर्ड मागणारे खोटे पान. बाहेरच्या जगात हा प्रयोग करणे अपराध ठरला असता. आमच्या टेबलावर तो अर्ध्या तासात आणि बिनखर्चाने झाला. वर्गातल्या सतरा जणांना एक-एक दुवा दिला, तर कोणता खरा हे नुसते वाचून एकालाही सांगता आले नाही. मुले आता अशा जुळ्या दिसणाऱ्या मराठी शब्दांची यादी करत आहेत. तिच्यासाठी पाचवे संकेतस्थळ उभे राहते आहे, आणि त्याचे नाव त्यांनी एकमताने रोमन लिपीत ठेवले आहे.