सुकू द्यावा असा थर

आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील मुले घरी खिळलेल्या आजाऱ्यांच्या नाताळभेटींना बांधावयाच्या चिठ्ठ्या रंगवीत होती. जाड कागदावर वेदीवरील मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्याने ती क्रूस रेखाटीत. वरून पातळ जलरंग फिरविला की मेणावर पाणी ठरत नाही आणि क्रूस पांढराशुभ्र उमटतो. रंग वाळल्यावर कडेला शाईने नाव लिहावयाचे.

आम्हांलाही मोह झाला. एक चिठ्ठी ओढली आणि, का कोण जाणे, तीवर ज्येष्ठ बंधूंचे नाव लिहिले. आईच्या दफनविधीनंतर वाडीच्या वाटणीवरून आम्हां दोघांत अबोला होता. रंग ओलाच होता. नाव पसरून गेले. घाईने पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग फासला, तर तोही निळसर झाला.

"फादर, प्रत्येक थर सुकू द्यायचा असतो," शेजारची मुलगी म्हणाली. "हा रंग सुकला की पाण्यानं निघत नाही. मग लिहा."

आम्ही थांबलो. पापनिवेदनाच्या वेळी इतरांना क्षमेचा उपदेश करणारे आम्ही, स्वतः मात्र ओल्या रागावरच लिहीत आलो होतो. देवाच्या क्षमेत डाग उरत नाही. माणसाच्या स्मरणात त्याची छटा राहते. तरीही त्यावर नाव पुन्हा लिहिता येते.

नाताळच्या आदल्या दिवशी केकच्या डब्याला ती चिठ्ठी बांधून आम्ही बंधूंच्या दारी गेलो. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली.

"अक्षर अजून आईसारखंच आहे तुझं," ते म्हणाले, "आत ये."