वाकळेच्या कापडामागे : वडगाव ते हल्याळ

भाचीला सातवा महिना लागला तशी आईने मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. बाळ-बाळंतिणीसाठी एक मोठी वाकळ आणि दोन दुपटी घरीच शिवायची, हा तिचा बेत. आई एकोणऐंशी वर्षांची आहे. डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवते. भाची धारवाडला दिली आहे, जावई कानडी. तिच्या सासूबाईंनी फोनवर सहज विचारले होते, "कौदी नीव होलितीरेन्री?" आणि आईने क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "हौद्री, नाव होलितेवी." शब्द गेला होता. आता माघार नव्हती.

ट्रंकेतून निघाले ते असे : माझ्या लग्नातल्या आणि त्यानंतरच्या अकरा सहावारी साड्या, त्यांतल्या नऊ सिंथेटिक. वडिलांची दोन धोतरे. हळदी-कुंकवात आणि ओटीत आलेले ब्लाउजपीस, गाठोडेभर. आणि तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, आजीचे एकमेव लुगडे. काळपट हिरवे, तांबड्या काठाचे, सुती, मधोमध दंड घातलेले. नव्या मुलींसाठी सांगते. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग कापून काढायचा आणि चांगली टोके एकमेकांना जोडायची, याला दंड घालणे म्हणतात. आजीचा दंड इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

"हे सोडून बाकी काय बी कामाचं न्हाई," आई म्हणाली. तिने एका साडीचा धागा उपसून काडीने पेटवला. तो वितळून काळा मणी झाला. धोतराचा धागा मात्र कागदासारखा जळला आणि चिमूटभर राख उरली. ही परीक्षा तुम्हीही घरी करून पाहा, दुकानदाराच्या शब्दापेक्षा भरवशाची आहे. सिंथेटिक कापडाला घाम टिपता येत नाही. सुई त्यावरून सटकते, टाका बसत नाही आणि थर एकमेकांवरून घसरून पोटात गोळे होतात. बाळाच्या अंगाखाली ते कसे घालायचे?

लुगड्याला हात लावायचा नाही, असे मी ठरवले होते. आजीची तेवढीच एक आठवण घरात आहे. म्हटले, कापड विकत आणू. त्यात काय एवढे!

त्यात काय ते गणपत गल्लीत कळले. छापील सुती कापड मीटरला १४० रुपये, आतल्या थरांसाठी मांजरपाट ७० रुपये. मी भाषा शिकवणारी बाई, हिशेबात कच्ची, पण दुकानातल्या स्टुलावर बसून मांडला. सात फुटांची वाकळ म्हणजे सव्वादोन मीटर लांबी. रुंदीला दोन पन्हे जोडायचे, म्हणजे एका बाजूला साडेचार मीटर, दोन्ही बाजूंना नऊ. झाले १,२६० रुपये. पोटात दोन थर मांजरपाट, तेही नऊ मीटर, ६३० रुपये. दोऱ्याची रिळे वेगळी. दोन हजारांच्या घरात आकडा गेला, तोही शिवणारणीची मजुरी न धरता. त्याच दुकानासमोरच्या पदपथावर फुलाफुलांचे मऊ ब्लँकेट साडेसातशेला होते आणि विकणारा सहाशेपर्यंत यायला तयार दिसत होता.

दुकानदार ओळखीचे. म्हणाले, "बाई, आमचंबी काय चालत न्हाई." १ जुलै २०१७ पासून कापडावर पाच टक्के जीएसटी बसला. पुढे मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली. कापूस नंतर खाली आला, पण कापडाचा चढलेला दर काही त्याच्यामागे उतरला नाही, असे त्यांचे म्हणणे. दुकानात एकदा चढलेला भाव उतरलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

घरी येऊन मी आईला आकडा सांगितला. ती दर ऐकून नव्हे, कल्पनाच ऐकून थक्क झाली. "वाकळंला कापड इकत? आमी कदी घेतलो न्हाई बाई." (आमच्या बेळगावकडच्या बायका 'आलो, गेलो, घेतलो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना याची गंमत वाटते, वाटू दे.) मग तिने मला तिचा हिशेब सांगितला आणि तो मला आजवर कुणी शिकवला नव्हता. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की वाकळेची एक बाजू, उरलेले दोन जोडले की दुसरी. एका लुगड्यात एक वाकळ, वर चिंधीसुद्धा उरत नाही. पोटात धोतर, फाटके पटकूर, जुनी चादर. सहावारीचे अठरा फूट. तिचे चार केले तर साडेचार फूटच हाती येतात, पाय उघडे पडतात.

म्हणजे पाहा, वाकळ मुळात लुगड्याच्या मापाचीच होती. घरात दोन-तीन बायका नऊवारी सुती नेसत होत्या, तोवर दर दोन-चार वर्षांनी एक जुनेर निघे आणि त्याची वाकळ होई. कापडाचा भाव हा प्रश्नच त्या हिशेबात नव्हता. आपण सहावारीवर आलो, मग सिंथेटिकवर, मग पंजाबी ड्रेसवर. सोय झाली, मी स्वतः ड्रेसच घालते. पण त्या बदलाचे बिल असे वाकळेच्या वेळी येईल, हे ध्यानात आले नव्हते.

तरी माझी जिद्द गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर वडगावला गेले. शहापूर, वडगाव, खासबाग हा आपला विणकरांचा पट्टा. गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट कानांऐवजी आधी पायांना जाणवतो. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी चार माग आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद पडले होते, त्यांतले दोनच पुन्हा चालू झाले. तिची आई दारात बसून कांड्या भरत होती. मागावर जांभळी साडी चढली होती, झगमगीत, पूर्ण सिंथेटिक सुताची. मी सुती नऊवारी विचारले तेव्हा तिचे वडील हसले. "घेणार कोण, मॅडम? एक तुमी घ्याल. एका साडीसाठी ताणा कोण लावणार?" नासलेला माल किलोवर देतो म्हणाले, पण तोही वितळणाऱ्या जातीचा. चहा घेऊन रिकाम्या हाती परतले.

हे सगळे मी स्टाफरूममध्ये रडगाण्यासारखे सांगत होते. आमचे एक सहकारी हल्याळचे. ते म्हणाले, "तुम्ही अखंड कापडाच्या मागे का लागलाय? आमच्याकडच्या सिद्दी बायकांची कवांद एकदा बघून या."

रविवारी बसले बसमध्ये. खानापूर सोडले की रान सुरू होते. नंदगड लागले. १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले ते हे गाव, त्याची समाधीही इथेच. बसमध्ये मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येत होत्या. हल्याळच्या स्टँडवर सहकाऱ्यांचा भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. पुढे चार-सहा मैल सागवानातून तांबडा रस्ता.

सिद्दी म्हणजे शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेल्या माणसांचे वंशज. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांची वस्ती आहे. त्यांची घरातली बोली कोकणी, मराठीचे बरेच शब्द मिसळलेली. मी मराठीत विचारले, त्या बाईंनी त्यांच्या बोलीत उत्तर दिले, अडले तिथे दोघींनी कानडी वापरले. पन्नाशीच्या असाव्यात. पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर अर्धी कवांद. खाली एक अखंड जुनी साडी, त्यावर ठिगळे. आणि शिवण कडेपासून सुरू होऊन चौफेर फिरत मध्याकडे सरकणारी. आपण वाकळेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ धावदोरा घालतो, त्या गोल गोल फिरून आत येतात. शाळेच्या गणवेशाची निळी चड्डी, शर्टाची बाही, परकराचा घेर, सगळे शेजारी शेजारी. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तिकोनी चिंध्यांचे गुच्छ. त्यांना त्या फुले म्हणतात. फुलांशिवाय कवांद पुरी होत नाही.

मी कापडाच्या भावाचे सांगितले. त्यांचीही तीच अडचण निघाली, पण वेगळ्या बाजूने. घरच्यासाठी घरची फडकी पुरतात. बाहेरून मागणी आली की गिऱ्हाइकाला सगळे सुतीच हवे असते, मग त्यांनाही सुतीच शोधत फिरावे लागते. शहरातल्या बायका पिशव्या भरून कपडे आणून देतात, त्यात निम्म्या लेगिंग्ज. "तें ओढ घेतां," त्या म्हणाल्या, ताणाचे कापड शिवताना लांबते आणि नंतर आक्रसून सगळी कवांद वाकडी करते. मग मला एक एक तुकडा हातात देऊन दाखवले. जाड, मजबूत कापड कडेला, कारण वाकळ ओढली जाते ती कडेने. विरलेले, मऊ कापड मध्ये, जिथे अंग टेकते. नवे कोरे कापड एक-दोनदा धुतल्याशिवाय घ्यायचे नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढेच आटते. शिवणीतून सुटलेली बारीक चिंधीही टाकायची नाही, तिचे फूल होते.

परतीच्या बसमध्ये हिशेब पुन्हा मांडला. एक बाजू ठिगळांची केली, तर अखंड कापड निम्मेच लागेल. गाठोड्यातल्या ब्लाउजपीसांतून जळून राख होणारे वेचले तर बरीच ठिगळे तिथेच आहेत. टेलरकडे कातरण फुकट पडलेली असते. आपली म्हण कानडीतही जशीच्या तशी आहे, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. पण इथे प्रश्न अंथरूणच कसे वाढवायचे हा होता.

आईला पटेना. "ठिगळांची वाकळ येवाई लोकांकडं पाठवायची? काय म्हणतील, यांच्यात नेसायला बी न्हवतं?" तिचा मुद्दा मला खोटा म्हणवेना. तिच्या लहानपणी ठिगळ म्हणजे गरिबी, ते लपवायचे. मी फोनमधला कवांदचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला, फुलांवर बोट ठेवून विचारले, "ह्ये कसं घातलंय?" तेव्हा मला थोडी आशा वाटली.

चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आजीचे लुगडे धुऊन दोरीवर होते. मी चिडले. ती म्हणाली, "ट्रंकंत ठेवलीस तर कसर खाईल. तुज्या आज्जीनं असली तीन फाडलीत माज्या बाळंतपणाला." संध्याकाळी तिने दाताने काठ तोडला आणि दोन्ही हातांनी ओढले. जुन्या सुती कापडाचा फाटताना होणारा तो लांबट आवाज मी विसरले होते. चार तुकडे केले. दंड एका तुकड्याच्या ऐन टोकाला आला. त्यातले दोन बाळाकडच्या बाजूला घेतले. उरलेले दोन घडी घालून, दंडासकट, परत ट्रंकेत ठेवायला मला दिले. "तुज्या लेकीचं आलं की बघू." माझी लेक अकरावीत आहे!

पोटाला धोतरे घातली, तरी एक थर कमी पडत होता. मी मांजरपाट आणायला निघणार, तेवढ्यात धारवाडहून बसने पार्सल आले. भाचीने सासूबाईंना आमची धावपळ सांगितली असावी. आत एक जुनी सुती इरकली साडी होती आणि कानडीत चिठ्ठी, ही आत घाला, आमच्याकडचेही काही असू दे. आईने साडी दिव्याखाली उलगडली, काठापासून पदरापर्यंत हात फिरवत गेली आणि मध्येच एका जागी थांबली.

"ह्या बाईनं," ती म्हणाली, "दंड चांगला घातलाय."