बारा जणांचं टेबल

२०१४ साली मी लंडनला ऑनसाईट होतो, तेव्हाची गोष्ट. ऑनसाईट म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं (लंडन आयपुढचा फोटो, प्रत्येक पौंडाला मनातल्या मनात गुणिले शंभर, बॅगेत मेतकूट) ते सगळं होतंच. पण त्याच वर्षी पुण्यात आईची केमो चालू होती आणि मी हॅमरस्मिथला बसून क्लायंटच्या बिलिंग सिस्टिममधले बग सोडवत होतो.

फोन रोज व्हायचा. "कशी आहेस?" "बरी आहे. तू जेवलास का?" संपलं. बाबा रिपोर्ट स्कॅन करून पाठवायचे आणि मी आकडे एक्सेलमध्ये भरायचो. पांढऱ्या पेशींचा ग्राफ काढला की आपण काहीतरी केलं असं वाटायचं. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!

निघण्यापूर्वीच्या दोन केमोंना मी बरोबर होतो. डॉक्टर चांगले, नर्स तर फारच चांगल्या. पण वाट बघायची जागा म्हणजे तळघरातला एक पॅसेज. खिडकी नाही, एकमेकींना जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या, हातात टोकन. एकदा आई बाथरूमला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाहेर रांग लागली, बायका दार वाजवायला लागल्या. आली तेव्हा तोंड धुतलेलं आणि डोळे लाल. "फिनेलचा वास फार आहे रे आत," म्हणाली. मी पण "हो ना" म्हटलं.

तर, लंडन. माझी बस फुलहॅम पॅलेस रोडवरून जायची. तिथे चेरिंग क्रॉस हॉस्पिटल आहे (ते चेरिंग क्रॉस स्टेशनजवळ नाही, हे इंग्रजांचं लॉजिक). त्या अवाढव्य इमारतीपुढे एक छोटं, नारिंगी भिंतींचं घर दिसायचं. मला वाटायचं नर्सरी स्कूल असावं. एका शनिवारी पाटी वाचली. 'मॅगीज'. कॅन्सर झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. अपॉइंटमेंट लागत नाही.

घरच्यांसाठी, हा शब्द वाचून आत गेलो.

आत रिसेप्शनच नाही! फॉर्म नाही, टोकन नाही. समोर सरळ स्वयंपाकघर आणि मोठं टेबल. एक बाई म्हणाल्या, किटली तिकडे आहे, चहा करून घ्या. मी केला. समोर एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. बऱ्याच वेळाने त्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि कोणासाठी आलात, एवढंच त्यांनी विचारलं. "आई. ती पुण्यात असते," एवढं म्हणालो आणि पुढे बोलताच येईना. आजोबांनी कोड्यातून मान वर काढली नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

मग घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. मॅगी केझविक जेंक्स ही स्कॉटिश लेखिका आणि बागांची रचनाकार. नवरा चार्ल्स जेंक्स, स्थापत्याचा नामवंत समीक्षक. १९८८ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला, १९९३ मध्ये तो उलटला. दोन-तीन महिने उरलेत असं ऐकल्यावर ती दोघं एडिंबराच्या हॉस्पिटलात एका बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये बसली होती, कारण डॉक्टरांच्या खोलीत पुढचा पेशंट यायचा होता. (पॅसेज! तिथेही पॅसेजच!) उपचारांनी तिला आणखी दीड-एक वर्ष मिळालं. त्यात तिने या जागेचा आराखडा केला. १९९५ मध्ये ती गेली. १९९६ मध्ये हॉस्पिटलच्याच आवारातल्या एका जुन्या तबेल्यात पहिलं केंद्र सुरू झालं. तिची नर्स लॉरा ली ते चालवायला लागली.

आज ब्रिटनमध्ये अशी वीसच्या वर केंद्रं आहेत. डंडीचं फ्रँक गेरीने केलं, फाईफचं झाहा हदीदने, मी पाहिलेलं रिचर्ड रॉजर्सच्या ऑफिसने. त्याला २००९ चं स्टर्लिंग प्राईझ मिळालंय. पण मला भारी वाटली ती त्यांची रिक्वायरमेंट. आपल्याकडे स्पेक चारशे पानांचं असतं आणि त्यात युजर कुठेच नसतो. यांचं अगदी थोडक्या पानांचं. आत येणाऱ्याला कुठे जायचं ते न विचारता कळावं. बारा जण बसतील असं टेबल असावं. बसल्या जागेवरून बाहेरचं हिरवं दिसावं. आणि टॉयलेट असं हवं की आत खुर्ची आणि पुस्तकांचं शेल्फ मावेल, आणि माणसाला निवांत रडता येईल.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला.

इमारतीने कॅन्सर बरा होत नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं. १९८४ मध्ये रॉजर उल्रिचने पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ पेशंटांची नोंद तपासली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. पण ते पित्ताशय होतं. आणि आपल्याकडे आधी डोक्यावर छप्पर हवं, हेही खरं. टाटा हॉस्पिटलला बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. तिथे जागा मिळालेल्याला झाहा हदीदचं काय कौतुक! पण टेबल, खिडकी आणि आतून कडी लागणारी एक निवांत खोली याला गेरी कशाला लागतो?

डिसेंबरमध्ये सुट्टी घेऊन घरी आलो. आमचं डायनिंग टेबल भिंतीला टेकवलेलं, वर औषधं, फायली, जुने पेपर. ते रिकामं केलं आणि बाबांच्या मदतीने ओढत बाल्कनीच्या दाराशी नेलं. समोर सोसायटीचा गुलमोहर. "नसते उद्योग," आई म्हणाली, पण दुपारचा चहा तिथेच व्हायला लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी चहा ढवळता ढवळता म्हणाली, "त्या दिवशी फिनेलचा वास नव्हता रे."

"माहितीये," मी म्हटलं. मग आम्ही खूप वेळ बोललो.

२०१७ च्या सुरुवातीला आई गेली. टेबलाने तिचं आयुष्य एका दिवसानेही वाढवलं नसेल. पण त्या दोन वर्षांत आमच्या घरात 'जेवलास का' च्या पुढचं बोलणं झालं.

नंतर कधीतरी ओल्डहॅमच्या मॅगीजबद्दल वाचलं. तिथे दारांच्या मुठी लाकडाच्या आहेत, कारण केमोने हाताच्या नसा दुखावतात आणि गार धातू धरवत नाही. आई फ्रिजचं दार पदराने धरून उघडायची. आम्हाला वाटायचं, जंतूंच्या भीतीने.

असो. टेबल अजून बाल्कनीशीच आहे. बाबा तिथे बसून शब्दकोडं सोडवतात.