एकाच कडब्याचे दोन हिशेब

मिरजगावकडे मालदांडी ज्वारीचा कडबा घेणारा माणूस आधी ताट मोडून पाहतो, पाला किती टिकलाय, पेंढी काळी तर पडली नाही ना ते बघतो आणि मग भावाला बसतो. ही पारख कच्ची नाही. हैदराबादच्या चारा बाजारातला कडबा शास्त्रज्ञांनी तपासला, तेव्हा पचनीयता 47 टक्क्यांवरून 52 वर गेली की भाव साधारण पाव हिश्श्याने चढलेला दिसला. आमच्याकडे प्रयोगशाळेत मात्र कडबा एक मिलिमीटरच्या चाळणीतून दळून येतो. ताट नाही, पाला नाही. जे काही कळायचे ते आकड्यावरून.

आणि आकडा पद्धतीप्रमाणे बदलतो. जुनी पद्धत जर्मनीतल्या व्हेंडेची, हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी 1860च्या दशकात बसवलेली. नमुना सव्वा टक्के गंधकाम्लात अर्धा तास उकळायचा, मग तेवढ्याच तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात अर्धा तास. उरले ते क्रूड फायबर. पशुखाद्याच्या पोत्यावर अजून हेच छापतात. गोम सोड्यात आहे. हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा बराच भाग त्यात विरघळतो. म्हणजे जनावराला जवळपास पचतच नाही ते लिग्निन आपण मोरीत ओततो आणि वजाबाकी करताना पिष्ट-साखरेच्या खात्यावर जमा धरतो!

ढोबळ हिशेब मांडू. शंभर किलो कोरड्या कडब्यात प्रथिने 4, स्निग्धांश दीड, राख 9 आणि क्रूड फायबर 33 किलो धरले, तर साडेबावन्न किलो ‘सहज पचणारा’ माल दिसतो. आता तोच कडबा पीटर व्हॅन सोएस्ट यांच्या 1960च्या दशकातल्या रीतीने उदासीन डिटर्जंटमध्ये उकळा. पेशीतला ऐवज धुऊन जातो, पेशीभित्तिका राहते. हा एनडीएफ 68 आला, तर बाकी उरतात साडेसतरा. कागदावरच्या पस्तीस किलो खुराकाचा गाईला पत्ताच नाही.

एनडीएफवरून जनावर किती खाईल याचा अंदाज येतो. आम्ल डिटर्जंटने हेमिसेल्युलोज काढून टाकले की एडीएफ मिळतो. पचनाचा अंदाज त्यावरून. पुढे 72 टक्के गंधकाम्लाने सेल्युलोजही गेले की लिग्निन हाती लागते, पण राखेचे वजन वजा करूनच, कारण कडब्यातली सिलिका आम्लाला दाद देत नाही.

लसूणघासाची गंमत वेगळी. त्यात पेक्टिन भरपूर. नमुना थेट आम्ल डिटर्जंटमध्ये टाकला तर थोडे पेक्टिन चोथ्यातच राहते आणि एडीएफ फुगतो. आधी एनडीएफ करून त्याच चोथ्यावर एडीएफ केला तर आकडा खाली येतो. वेळ जास्त जातो, तरी घासासाठी मी हीच रीत धरतो.

हल्ली गाळणीच्या मुशीऐवजी नमुना छोट्या पिशव्यांत सील करून एकदम उकळतात. काम झपाट्याने होते, फक्त दळण फार बारीक झाले की कण पिशवीतून निसटतात. अवरक्त किरणांचे यंत्र त्याहून झटपट, मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर देते. पण त्याला आधी ओल्या रसायनाने काढलेले आकडे शिकवावे लागतात, आणि मक्याच्या आकड्यांवर शिकलेल्या यंत्रापुढे मालदांडी ठेवली तर ते बिनदिक्कत चुकीचे सांगते. तेव्हा नमुना पाठवताना पिकाचे नाव लिहा आणि अहवालात एनडीएफ मागून घ्या.