दोन रेषांमधील जागा

भाकरी थापणाऱ्या सुगरणीचा हात कितीही बसलेला असो, तिच्या टोपलीतील दोन भाकऱ्या तंतोतंत सारख्या कधी निघत नाहीत. एक तसूभर मोठी, तर दुसरी किंचित जाड. घरातील कोणी त्याची चौकशी मांडत नाही. परंतु एखाद्या दिवशी सगळ्याच भाकऱ्या कडेला चिरू लागल्या, की ती पिठाचा डबा उघडून पाहते. पीठ जुने झाले असावे! कोणता फरक सोडून द्यावा आणि कोणता मनावर घ्यावा, हे तिला अनुभवाने उमगलेले असते. कारखान्यात मात्र हाच प्रश्न मोठा बिकट होऊन बसतो.

समजा, एका यंत्रावर पितळी सळीचे तुकडे कापले जात आहेत. एक तुकडा केसभर लांब निघाला. कामगार कर्तव्यदक्ष, त्याने तत्काळ स्क्रू फिरवून माप कमी केले. पुढचा तुकडा आखूड निघाला, म्हणून त्याने स्क्रू उलट फिरवला. वास्तविक यंत्र ठीकच होते. तो फरक निव्वळ योगायोगाचा होता. आता त्या चढउतारात त्याच्या हाताच्या चढउताराची भर पडली, आणि माल पूर्वीपेक्षा अधिक विषम होऊ लागला. बिचारा जितका जागरूक, तितका माल बिघडतो! वर फोरमनची बोलणीही त्यालाच. हा अन्याय नव्हे तर काय?

अमेरिकेत शिकागो शहराजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनची उपकरणे बनविणारा एक प्रचंड कारखाना होता. १९१८ साली वॉल्टर शूहार्ट हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक त्या कंपनीत रुजू झाले. मालाच्या तपासणीतील आकडे पाहता पाहता त्यांना या कोड्याने पछाडले. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक टिपण पाठविले. ते जेमतेम एक पानाचे होते, आणि त्यातही बरीच जागा एका आकृतीने व्यापली होती.

त्या आकृतीतूनच पुढे ‘नियंत्रण-आलेख’ रूढ झाला. ज्या क्रमाने मोजमापे होतील, त्याच क्रमाने ठिपके मांडावयाचे. मधोमध सरासरीची रेषा, आणि वर व खाली मर्यादेची एकेक रेषा. गंमत अशी, की या मर्यादा साहेबांच्या इच्छेने ठरत नाहीत. कामातून मिळालेल्या आकड्यांवरूनच त्या गणिताने काढतात. ठिपका आत राहिला, तर यंत्राला हात लावू नये. बाहेर गेला, तर काम थांबवून कारण शोधावे. क्रमही मोलाचा आहे. कापणारे पाते झिजू लागले, तर दिवसाची सरासरी एखादे वेळी निर्दोष दिसेल. पण ठिपके मुंग्यांच्या रांगेप्रमाणे एकाच दिशेने चढताना आढळतील. वहीतील बेरजेत ही रांग हरवते.

केवळ योगायोग किती खेळ करू शकतो, हे पाहण्यासाठी शूहार्टनी एका वाडग्यात आकडे लिहिलेल्या ९९८ चकत्या ठेवल्या. एक चकती काढावयाची, आकडा टिपावयाचा, ती परत टाकून ढवळावयाचे. असे ४००० वेळा! विद्वान माणसाने मुलांसारखा हा खेळ मांडावा, याचे कोणाला हसू येईल. पण त्यात बिघडण्यासारखे यंत्रच नव्हते, तरीही आकडे वरखाली होतच राहिले.

१९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले, आणि येथील कारखान्यांनाही या आलेखाचा परिचय होऊ लागला. आता पुष्कळ यंत्रे आपली मोजमापे स्वतःच संगणकाकडे धाडतात. पडद्यावर ठिपके उमटत राहतात; एखादा वरच्या रेषेच्या अगदी जवळ येतो, आणि समोर बसलेला कामगार हात मांडीवर ठेवून पुढच्या ठिपक्याची वाट पाहतो.