काळी दोनचा अमाती

जुना सॅक्सोफोन घ्यायला गेलेली माणसं आधी त्याची चमक बघतात. लॅकर उडालेला, कुठे काळपट तर कुठे हिरवट पडलेला सॅक्स दिसला की भाव पाडतात आणि ब्रासो मारून झळझळीत केलेल्यावर भुलतात. माझ्या मते पाहायचं ते एवढंच, की नळी सरळ आहे का आणि हवा कुठून निसटते. लॅकरचा सुराशी फारसा संबंध नाही. उलट नको तितकी चमक दिसली तर कुणी तरी घासघासून मूळ पितळ झिजवलं असेल, अशी शंका घ्यावी.

माझा सॅक्स लालबागच्या एका बँडमास्तरांकडून आला. वराती, गणपतीच्या मिरवणुका, साखरपुडे यांत मास्तरांचं उभं आयुष्य गेलं. आता वरातीपुढे बेंजो आणि कीबोर्डची गाडी चालते. त्यात मास्तरांचे वरचे दात पडले. सॅक्स वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवून पकड घ्यावी लागते, त्यामुळे दात गेले की वाजवणंही सुटतं. त्यांच्या माउथपीसच्या चोचीवर दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी, बोटाच्या टोकाला लागतील इतक्या खोल. इतक्या वर्षांच्या दातांनी कोरलेल्या.

सॅक्सच्या बेलवर ‘अमाती क्रास्लिस’ अशी अक्षरं होती आणि देश होता चेकोस्लोव्हाकिया. हा देश 1 जानेवारी 1993 पासून नकाशावर नाही, म्हणजे वाद्य त्याआधीचं हे नक्की. क्रास्लिस हे बोहेमियातलं, जर्मनीच्या सीमेलगतचं वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव. अमाती कंपनीचे सॅक्स जाड हाडाचे आणि टिकाऊ. मुंबईच्या दमट हवेत इतकी वर्षं काढूनही याची नळी शाबूत होती, हे मला मोठं वाटतं.

मी पेटीवर शिकलेली, त्यामुळे सॅक्सची पट्टी मला पेटीच्याच भाषेत कळते. हा आल्टो आहे. त्यावर सी ची बोटं धरली की कानावर काळी दोन येते. टेनरवर तीच बोटं धरली तर काळी पाच. मला रागसंगीत वाजवायचं होतं. कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये हे वाद्य ऐकलं आणि पुढे अख्खं कर्नाटक संगीत त्यावर आणलं. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकत माझी बरीच वर्षं गेली आहेत. पांढरी एकचा सा हवा असेल तर आल्टोवर ए ची बोटं धरायची. मग मंद्र पंचम ई वर येतो आणि खाली थेट कोमल रिषभापर्यंत उतरता येतं. सॅक्स घेताना माझं सगळं लक्ष याच खालच्या सुरांवर होतं.

मास्तरांच्या खोलीत चादरीवर ठेवलेला सॅक्स मी आधी नुसता पाहिला. नेक काढून नळीतून खिडकीकडे बघितलं. नेक बसवताना घाईत वरून दाब दिला तर ती वाकते, तिचा गोल चपटा होतो आणि ऑक्टेव्हची की नीट मिटत नाही. ही नेक ठीक होती. आतून गुलाबी ठिपकेही नव्हते; थुंकीच्या ओलाव्याने पितळेतलं जस्त निघून गेलं की असे ठिपके पडतात आणि तिथे धातू ठिसूळ होतो. खाली बो ला, म्हणजे नळीच्या वळणाला, एक पोचा होता. दोन चाव्यांना रबर बँड लावलेले होते, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा मेलेल्या. पॅडचं चामडं काळं आणि कडक झालं होतं. वाजवून पाहिलं तर मधल्या सप्तकात आवाज भरदार, पण खाली सी ला गेल्यावर सूर थरथरायला लागला आणि शेवटचा बी फ्लॅट निघेचना.

मास्तर म्हणाले, “ताई, खालचे सूर जोर मागतात. आणि वरातीत ते लागतात कुठं?”

18 हजारांना सौदा झाला. तेवढेच पैसे मी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले होते, आणि जुना सॅक्स घेणाऱ्या प्रत्येकाने ते ठेवावेत.

दुरुस्तीला धोबीतलावशिवाय दुसरीकडे जायचं माझ्या मनातही आलं नाही. मी गिरगावातली, चालत दहा मिनिटांवर. गोव्याहून नोकरीधंद्याला, बोटीवर जायला आलेल्यांचे कूड, म्हणजे मिळून राहायच्या जागा, या भागात होते, अजून काही आहेत. हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे कितीतरी गोंयकार वादक इथलेच. हिंदी सिनेमातला सॅक्स म्हटला की कलकत्त्याहून आलेल्या मनोहारी सिंगांचं नाव निघतं; पण त्यांच्या आजूबाजूला बसलेल्या वाद्यवृंदातला मोठा वाटा गोव्याचा होता. जिथे वादक तिथे दुरुस्ती करणारेही. माझा सॅक्स दुरुस्त करणारे अंकल त्याच वादकांच्या पिढीतले. माळ्यावर छोटी खोली, भिंतीला टांगलेले ट्रम्पेट, टेबलावर दिवा, चिमटे आणि सुया.

मी सॅक्स तोंडाला लावणार तोच त्यांनी हात धरला. “बाय, आधी फुंकू नको. आधी उजेड घालूया.”

त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, खिडकी ओढून घेतली आणि बारीक दिव्यांची एक माळ नेकच्या बाजूने सॅक्सच्या पोटात सोडली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, तसं हे काम. मग एकेक की हलक्या बोटाने दाबत गेले. जिथे पॅड भोकावर पूर्ण बसत नव्हतं तिथे कडेने उजेडाची रेघ दिसायची. जी च्या पॅडखाली अर्धा चंद्र, डी खाली केसाएवढी रेघ, आणि एफ दाबला की वर एफ शार्पच्या वाटीच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या झाकणाच्या, कडेने लख्ख उजेड. मी इतका वेळ जे कानाने चाचपत होते ते डोळ्यांसमोर आलं.

सॅक्सची नळी शंकूसारखी, वर निमुळती आणि खाली रुंद. अॅडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. भोकं खाली मोठी होत जातात आणि खालचा सूर काढायचा तर त्याच्या वरची सगळी भोकं बंद राहावी लागतात. वरच्या एखाद्या पॅडमधून हवा निसटली तर त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात. म्हणून बी फ्लॅट निघत नसेल तर दोष बहुधा बी फ्लॅटच्या पॅडमध्ये नसतो, वर कुठे तरी असतो. त्यातही एफ शार्पची वाटी सगळ्यात नाजूक जागा. उजव्या हाताच्या तिन्ही बोटांच्या चाव्या तिला सोबत खाली ओढतात, आणि त्यांच्यामध्ये असतो फक्त कॉर्कचा पातळ तुकडा. तो दबला की खालची चावी बसते, वरची किंचित उघडी राहते.

अंकलनी सगळी पॅड बदलायचं ठरवलं. एकट्या-दुकट्याने भागत नाही, कारण नव्या-जुन्या पॅडची जाडी जुळत नाही. मी शेजारी बसून बघत होते. वाटीच्या पाठीला बारीक ज्योत दाखवली की आतली लाख मऊ होते आणि जुनं पॅड सुटून येतं. आत पुठ्ठा, वर लोकर दाबून केलेलं फेल्ट, त्यावर चामडं. वाटी पुसायची, नव्या लाखेचा थेंब सोडायचा, पॅड ठेवायचं, पुन्हा ऊब द्यायची आणि लाख ओली आहे तोवर पॅड भोकाच्या काठाशी समपातळीत आणायचं. ही लाख म्हणजे आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच लाखदाणा, पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेला. झारखंडच्या जंगलातली ही वस्तू बोहेमियातल्या पितळाला इतकी घट्ट धरते, याचं मला फार अप्रूप वाटलं. गोंद कडक होतो, लाख पुन्हा तापवून सुधारता येते. अंकल एकेक पॅड पाच-सहा वेळा तापवत होते, आणि दर वेळी अंधार करून उजेडाची रेघ बघत होते.

स्प्रिंगांपैकी काही खऱ्या, निळसर पोलादाच्या होत्या. काहींच्या जागी चक्क शिवणाची सुई, टोक मोडून बसवलेली. अंकलनी त्या काढल्या नाहीत. “चालते ती. करणारा शहाणा होता,” एवढंच म्हणाले. गंजलेल्या मात्र बदलल्या. बो चा पोचा आतून लोखंडी गोळा फिरवून उठवला. नेकवर नवा कॉर्क चढवला.

मग जुळणी. जी शार्प आणि बिस (बी फ्लॅटची छोटी चावी) यांच्या स्क्रूंवर त्यांनी जितका वेळ घालवला तितका पॅडवरही घालवला नसेल. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, उजेड बघायचा, परत पाव फेरा मागे. चाव्या किती उघडतात तेही मोजावं लागतं. कमी उघडल्या तर आवाज दबका आणि सूर उतरलेला, जास्त उघडल्या तर सूर चढा आणि बोटांना लांबचा प्रवास.

मास्तरांचं माउथपीस मी जपून ठेवलं, पण त्या खाचा त्यांच्या दातांच्या, माझ्या नव्हेत. मी यामाहाचं फोर-सी घेतलं, दोन नंबरच्या रीडसह. महागड्या माउथपीसची घाई नवशिक्याने करू नये; आधी ट्यूनर लावून, माउथपीस कॉर्कवर आत-बाहेर करत आपली जागा शोधावी.

अंकलची शेवटची परीक्षा जोरात वाजवण्याची नव्हती. “तळचा बी फ्लॅट काढ. हळू. घरात कुणी झोपलंय असं समज.” तो निघाला. पेटीवरची मंद्रातली काळी एक, गळ्यात न अडकता.

तेव्हापासून मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. शिकणाऱ्या मुलांच्या हाती गळके सॅक्स दिले जातात आणि वर त्यांनाच सांगितलं जातं की तुझ्या फुफ्फुसांत दम नाही, तुझे ओठ बरोबर नाहीत. मुरलेला वादक गळका सॅक्सही निभावून नेतो. चाव्या आवळून दाबतो, हवा जास्त देतो, खालचे सूर टाळतो. मास्तर तेच करत आले होते. नवशिक्याला यातलं काही येत नाही, आणि येऊही नये, कारण तीच सवय हाताला लागते आणि बोटं कायमची ताठ होतात. चांगल्या जुळणीच्या वाद्याची गरज उस्तादापेक्षा शिकणाऱ्याला जास्त आहे. शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा अंधार करून प्रत्येक वाद्यात दिव्यांची माळ सोडली तरी कितीतरी मुलं वाद्य सोडणार नाहीत.

दुरुस्तीनंतर मी सॅक्स मास्तरांकडे नेला. वाजवणं त्यांना शक्य नव्हतं. मी मंद्रात हळूहळू आलाप केला, पंचमावरून मध्यमावर उतरले. ते चाव्यांकडेच बघत होते. मग त्यांनी स्वतः एकेक चावी दाबून पाहिली, एका बोटाने, अगदी हलकी. “इतक्या कमी जोरात बसते होय,” म्हणाले, आणि परत परत दाबत राहिले.

पावसाळ्यात पॅड फुगतात आणि जी शार्प चिकटतो. वाजवून झाल्यावर मी आतून कपडा ओढते, जी शार्पखाली टिपकागद धरून चावी दाबते, रीड काढून वाळवते आणि सॅक्स ओला असताना त्याची केस कधीच मिटत नाही. एवढं करूनही गणपतीत एफ दाबल्यावर वर पुन्हा उजेडाची बारीक रेघ दिसली. कॉर्क दबला आहे. नवरात्राच्या आधी धोबीतलावला जायचं आहे.