तिकीट की ट्रान्सफर?

पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या आम्हा माजलगावच्या चार-पाच मित्रांच्या डोक्यात सध्या एक खूळ आहे. गावात एकांकिकांची एक संध्याकाळ करायची आणि तिकिटांचे पैसे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी द्यायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघतात. मुलं सोबत गेली की शाळा सुटते. गावात राहण्या-जेवणाची सोय झाली, तर ती मागे राहू शकतात.

एका मित्राने लगेच एक्सेलमध्ये खर्च मांडला: हॉल, लाइट, साउंड, मेकअप. म्हणाला, "अरे, एवढा खटाटोप कशाला? सरळ पैसे ट्रान्सफर करू की!" लॉजिक बिनतोड!

पण जरा मागे बघा. 1980 च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले वगैरे मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे गावोगावी प्रयोग केले. त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. नावातच बघा ना, 'मदत' नाही, 'कृतज्ञता'! आपल्या चहातली साखरही कुणीतरी तोडलेल्या उसाचीच असते.

ट्रान्सफर केलं की एसएमएस येतो आणि विषय संपतो. नाटकाला मात्र अख्खं गाव दोन तास शेजारी-शेजारी बसतं. म्हणून हॉलचा खर्च आम्ही खिशातून करायचा आणि तारीख दसऱ्याआधीची धरायची, असं माझं मत आहे. तेव्हा या मुलांचे आई-बाप गावातच असतात. त्यांनाही बोलवायचं. सत्कार वगैरे काही नाही, सगळ्यांसोबत बसून पोटभर हसायला.